दुसऱ्या बाजूचं कडवं

मुंबईच्या कंपनीनं काढलेल्या त्या काळ्या तबकडीच्या पाकिटावर, मागच्या अंगाला, बारीक अक्षरांत छापलं होतं: 'पारंपरिक गीत, विदर्भ. गायिका अज्ञात.' वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अज्ञात म्हणे. बाई घुग्घुसला माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. बरं वाटत असलं की दारात खाट टाकून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करते. पोस्टमनला ठाऊक आहे, गॅसवाल्याला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त मुंबईला.

बाईचं नाव सीताबाई. पण तिच्याआधी गुलाम रसूलबद्दल सांगायला हवं, कारण ते गाणं टेपवर धरलं त्यानं, आणि त्याच्यामुळेच ते आमच्याकडच्या दोन जिल्ह्यांत पोचलं. रसूलभाऊ टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. घुग्घुसच्या मेन रोडवर त्याचं टपरीवजा दुकान होतं आणि त्याला लागून माझं एसटीडीचं बूथ. समोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जायचे. आम्ही दोघं एकाच फडक्यानं धूळ पुसायचो, एकाच किटलीतला चहा प्यायचो आणि एकमेकांच्या गिऱ्हाइकांची टिंगल करायचो.

एका वर्षी सिमेंटच्या कारखान्यात मशीन बसवायला परदेशी माणसं आली. त्यातला एक डेलरॉय, मूळचा जमैकाचा. घरी फोन करायला माझ्या बूथवर यायचा. एकदा त्याचा टेप बिघडला, तो त्यानं शेजारी रसूलभाऊकडे टाकला. टेपमध्ये कॅसेट तशीच होती. रसूलभाऊनं टेप दुरुस्त केला आणि तपासायला म्हणून कॅसेट लावली, ती संध्याकाळपर्यंत काही बंद केली नाही. मी ओरडलो की बाबा, गिऱ्हाइकांना फोनवरचं ऐकू येत नाही. त्यानं मला आत बोलावलं आणि म्हणाला, "अश्वजितभाऊ, आपण जिथी गप राह्यतो ना, तिथीच हे लोक वाजवून राह्यले."

खरंच होतं ते. आपण टाळी देतो तिथं त्यांचा गिटार गप, आणि आपण हात वर नेतो तिथं त्याचा 'छक्'. डेलरॉय टेप न्यायला आला तेव्हा रसूलभाऊनं त्याला बसवूनच घेतलं. त्याचं इंग्रजी आणि याची हिंदी, मध्ये माझी दहावी. डेलरॉयनं सांगितलं की या संथ चालीला रेगे म्हणतात, आणि आधीची धावती चाल होती ती स्का. त्यांच्याकडेही मोठ्या कंपन्यांनी या गाण्यांकडे बघून नाक मुरडलं होतं. मग कुणी फर्निचरवाल्यानं, कुणी सायकलवाल्यानं आपापल्या दुकानामागं गाणी भरली, तबकड्या गाडीत टाकल्या आणि न्हाव्याच्या, खाटकाच्या दुकानांत नेऊन वाजवल्या. विलायतेपर्यंत गाणं पोचलं ते अशा लोकांच्या जिवावर. रसूलभाऊ हे ऐकत होता आणि माझ्या बूथकडे बघत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या रविवारी माझ्या एसटीडीच्या काचेच्या केबिनला आतून गोधड्या लागल्या. फोनचा रिसीव्हर काढून ठेवला. नाहीद कॅसेट कंपनीचा हाच स्टुडिओ. नाहीद ही रसूलभाऊची मुलगी, तेव्हा नुकती चालायला लागलेली. मी बूथ का दिलं म्हणून बायको मला अजून बोलते.

गाणारे सगळे आमच्या वस्तीतले. आम्ही बौद्ध, त्यामुळे बाबासाहेबांची गाणी घरोघरी होतीच. बायका भांडी घासताना रचायच्या, चौदा एप्रिलला गायच्या आणि पुढच्या वर्षी नवी रचायच्या. नागपूरच्या एका कॅसेटवाल्याकडे आमची मंडळी पूर्वी गेली होती. त्यानं आवाज ऐकून सांगितलं होतं की भाषा गावंढळ आहे, शहरात चालणार नाही. रसूलभाऊ म्हणाला की शहरात नको चालू दे, आपल्या रस्त्यावर चालू दे.

बँजोवर मुखरू. तो खाणीत होता, दुपारच्या बी शिफ्टला. बँजोवर एरवी धून वाजवायचा, पण रसूलभाऊनं त्याला डेलरॉयची चाल ऐकवली आणि उलट्या जागी फक्त 'छक्' मारायला लावलं. मुखरू दोन दिवस शिव्या देत होता. तिसऱ्या दिवशी त्याचा हात बसला आणि मग उठेचना. आम्ही त्याला उलटा ठोका म्हणू लागलो. स्काचं नाव पडलं धावता उलटा. आज घुग्घुसपासून आरमोरीपर्यंत वरातीत जे बँड वाजतात, त्यांतल्या पोरांना विचारा. उलटा ठोका त्यांना येतो, रेगे म्हटलं तर तोंडाकडे बघतात. तो ठोका गावोगाव नेला नाहीद कॅसेटनं. कॅसेट ट्रकवाल्यांच्या हाती गडचांदूरला गेली, तिथून चहाच्या टपऱ्यांवर, जीपगाड्यांत आणि धानाच्या शेतात, रोवणीच्या बांधीत. कुठल्या रेडिओनं वाजवली नाही, कुठल्या पेपरनं दखल घेतली नाही. ड्रायव्हरांनी वाजवली.

रसूलभाऊची एक पद्धत होती आणि ती त्यानं शेवटपर्यंत मोडली नाही. कॅसेटच्या कागदावर तो गाणाऱ्याचं नाव छापायचा नाही. त्याचं म्हणणं, आपल्याकडे शाहीर काय, कव्वाल काय, शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव स्वतः गातो. मग वर कागदावर कशाला? कागद पहिल्या आठवड्यात हरवतो, गाणं राहतं. जो ऐकेल त्याला नाव कळेल. आम्हा सगळ्यांना हे बरोबर वाटलं. शेवटपर्यंत न ऐकणारा माणूस आमच्या कल्पनेतच नव्हता.

सीताबाई तर त्या कडव्यासाठीच गायला आली. ती कोळशाच्या यार्डात दगड वेचायला जायची. ठेकेदार तिला 'ए लहानूवाली' म्हणून हाक मारायचा, कारण नवरा लहानू. सासरी लहानूची बायको, माहेरी धाकटी. तिनं रसूलभाऊला अट घातली होती. "माझं नाव येईन त गातो. नाई त मले काही हौस नाई," असं ती केबिनच्या दारात उभी राहून म्हणाली होती, मला अजून आठवतं. कडवंही तिचंच:

घुग्घुसची सीता म्हणे, कोळशाच्या ढिगावरून,
हाजरी माझी घ्या रे बाबा, जाऊ नका पुढं सरून.

लहानूची सीता असं तिनं मुद्दाम घातलं नाही. लहानूनंच मला हे हसत हसत सांगितलं होतं. चांगला माणूस होता, आता नाही.

आता घोळ कुठं झाला ते ऐका. कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. रसूलभाऊनं गाण्यांची तालीम नेहमीच्या चालीवर घेतली होती, त्या हिशेबानं पहिल्या बाजूला सगळं बसत होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी मुखरूनं उलटा ठोका धरला, गाणं संथ झालं, सीताबाईही रंगली आणि एकेक ओळ दोनदा घेऊ लागली. शेवटच्या कडव्याशी आली आणि टेप 'खट्' करून थांबला. पट्टी संपली. रसूलभाऊनं हात वर केला. मुखरू वाजवतच राहिला, सीताबाई डोळे मिटून थांबली. रसूलभाऊनं कॅसेट काढली, पलटवली, पुन्हा बटण दाबलं आणि मान हलवली. मग तिनं कडवं घेतलं. ते गेलं दुसऱ्या बाजूच्या अगदी सुरुवातीला.

पुन्हा करू म्हटलं तर मुखरूची शिफ्टची वेळ झाली होती. पुढच्या रविवारी करू म्हटलं तर रसूलभाऊनंच नको म्हटलं. तो म्हणाला की आज बाईचा जो आवाज लागला तो रविवार सांगून लागणार नाही. लोक पलटवतील.

आणि लोकांनी पलटवलं. चहाच्या टपरीवर ते गाणं संपायला आलं की टेपजवळ बसलेल्या माणसावर सगळे एकदम ओरडायचे, "पलटव, पलटव." तो उठायचा, कॅसेट उलटी घालायचा, तेवढा वेळ बाकीचे टेबलावर ठोका चालू ठेवायचे. मग नाव यायचं. पुढं कॅसेटी गेल्या, डीजे आले, पण जयंतीच्या मिरवणुकीत अजूनही ते गाणं वाजलं की शेवटी डीजे मुद्दाम आवाज बंद करतो, हजार माणसं 'पलटवा' म्हणतात आणि मग कडवं स्वतःच गातात. ज्यांनी आयुष्यात कॅसेट हातात धरली नाही ती पोरंही म्हणतात. सीताबाईला मात्र त्या कडव्याला मी कधी तोंड उघडताना पाहिलं नाही. ती खाली बघत उभी राहते.

असं सगळं सुरळीत असताना मुंबईहून उर्वशी आली. कंपनीची मुलगी, हुशार, गोड बोलणारी. खाणपट्ट्यातला रेगे असा काही विषय घेऊन तिची कंपनी तबकड्या काढत होती. ती रसूलभाऊच्या दुकानात बसली, चहा प्याली, काका काका म्हणाली. रसूलभाऊ आता सत्तरीचा, त्याला कुणी इतक्या वर्षांनी विचारतंय याचंच अप्रूप. त्यानं मूळ कॅसेट स्वतःच्या हातानं तिला दिली आणि बजावलं की दोन्ही बाजू घ्या. तिनं मान हलवली. गाणारी कोण आहे असंही तिनं विचारलं होतं. रसूलभाऊ हसला आणि म्हणाला की गाणं ऐका, तीच सांगते.

एवढीच त्याची चूक. मी त्याच्यावर चिडलो, सरळ नाव सांगायला काय झालं होतं म्हणून भांडलो. पण त्या पोरीवर जास्त चिडलो. ज्या गाण्यासाठी तू मुंबईहून इतक्या लांब आलीस, ते तू पुरतं ऐकलं नाहीस? कॅसेट उलटी करायला काय मजूर लावावा लागतो?

तबकडी टपालानं आली. नाहीदनं पाकीट वाचून दाखवलं. ती आता शाळेत शिकवते. रसूलभाऊनं ते तिच्या हातून घेतलं, चष्मा लावला, पुन्हा वाचलं आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून बसला. मग मुंबईला फोन लावला. मी शेजारीच होतो. उर्वशी समजावून सांगू लागली. दुसऱ्या बाजूचा तुकडा त्यांनी ऐकला होता, पण तो सुटा वाटला. गाणं तसंही लांब आहे, आजकाल लोक एवढं ऐकत नाहीत. तबकड्या छापून झाल्या आहेत. चंद्रपूरला मोठा समारंभ ठेवला आहे, तिथं भाषणात आवर्जून उल्लेख करू. शाल, श्रीफळ सगळं आहे.

म्हणजे ऐकलं होतं. ऐकून फेकलं होतं. बाईचं नाव त्यांना सुटा तुकडा वाटला. तिच्या गाण्यातला ठोका हवा, तिच्या फुप्फुसातली कोळशाची धूळ हवी, कारण ती आवाजात खरखर आणते आणि ती त्यांना आवडते. तिची हाजरी तेवढी नको. ठेकेदार तरी बरा, तो निदान लहानूवाली म्हणायचा. मी हे सगळं फोनमध्ये बोलायला निघालो तर रसूलभाऊनं फोन ठेवून दिला.

समारंभाला जायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. सीताबाईला सांगायला गेलो. तिनं पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं केलं. आता तिला दम लागतो, दोन वाक्यांत एकदा थांबावं लागतं. ती म्हणाली, "मी जातो. माझ्या नावाचं यायनं काय केलं, ते मले माझ्या कानानं आयकाचं हाये." मग आम्ही कसले न जातो. वस्तीतली माणसंही निघाली, एक गाडी ठरवली होती, तिच्या दोन कराव्या लागल्या.

चंद्रपूरच्या त्या हॉलमध्ये पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखून होत्या. सीताबाईला तिसऱ्या रांगेत बसवलं. तिला कुणी ओळखत नव्हतं, मग दुसरं काय करणार. स्टेजवर रसूलभाऊला शाल पांघरली आणि 'रेगेचे खेड्यातले दूत' असं काहीसं म्हटलं. नाहीद कॅसेटनं हा प्रकार तळागाळात कसा नेला यावर एका गृहस्थांनी लांबलचक भाषण केलं, पडद्यावर चित्रं दाखवली. त्यात माझ्या बूथचा फोटो होता. सीताबाईचा नव्हता. आवर्जून होणारा उल्लेख कुठं झाला नाही.

मग तबकडी लावली. काहीही म्हणा, आवाज सुंदर होता. मुखरू आता नाही, पण त्याचा 'छक्' त्या मोठ्या स्पीकरांतून असा आला की आमच्या रांगेतले पाय आपोआप हलले. गाणं चाललं, संपत आलं, थांबलं. पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. आणि मागून सगळा हॉल एका आवाजात म्हणाला, "पलटवा."

उर्वशी स्टेजवर गोंधळली. लोक पुन्हा म्हणाले, पुन्हा म्हणाले, आणि हातांनी खुर्च्यांवर ठोका धरला. तिला वाटलं, लोकांना दुसरी बाजू ऐकायची आहे. ती हसली, तिनं यंत्रावरच्या माणसाला खूण केली. त्यानं तबकडी उचलली, उलटी केली, सुई ठेवली. दुसऱ्या बाजूला मुंबईच्याच कुठल्यातरी तरुण बँडचं गाणं होतं. ठोका आमचाच, आवाज त्यांचा, शब्द आमच्या मातीला वंदन वगैरे.

खुर्च्यांवरचे हात थांबले. यंत्रावरच्या माणसालाही काहीतरी चुकलं हे कळलं असावं, त्यानं सुई वर उचलली. त्या शांततेत सीताबाई तिसऱ्या रांगेतून, बसल्या जागेवरून, साध्या आवाजात म्हणाली, "त्या बाजूले मी नाई."

रसूलभाऊनं शाल काढली. नीट घडी घालून टेबलावर ठेवली आणि खाली उतरून तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. मागं कुणीतरी पुन्हा ठोका धरला आणि आमच्या माणसांनी ते कडवं घेतलं, वाद्यांशिवाय, चारदा घेतलं. पुढच्या रांगांतली मंडळी मान वळवून बघत होती. उर्वशीची माणसं मोबाइलवर चित्रण करत होती. आम्ही जेवणासाठी थांबलो नाही.

आता लाजतील, असं मला वाटलं होतं. कसलं काय. चारच दिवसांत उर्वशीचा रसूलभाऊला फोन. काका, हॉलमधलं ते गाणं अप्रतिम आलंय, पुढच्या खेपेला आम्ही कडव्यासकट छापतो आहोत, फक्त गायिकेची परवानगी लागेल, तुम्ही घेऊन द्याल का. रसूलभाऊ शांतपणे म्हणाला, "मी नाई घेऊन देत. तिच्या दारी या अन् तिले नावानं हाक मारा."

ती आली. आम्ही दोघं तिच्या मागं गल्लीत उभे होतो. नळावरच्या बायकांनी लहानूचं घर म्हणून बोट दाखवलं असणार, कारण तिनं दार वाजवलं आणि विचारलं की लहानूभाऊंचं घर हेच ना. आतून खोकल्याचा आवाज आला. दार बोटभर उघडलं.

"लहानू वारले," सीताबाई आतून म्हणाली. "त्यायले भेटाचं असन त इथी नाई भेटत."

उर्वशी म्हणाली, आजी, मला त्या गाण्याच्या बाईंना भेटायचंय. इथं कोणी गाण्याची बाई राहत नाही, असं उत्तर आलं. उर्वशीनं मागं वळून माझ्याकडे बघितलं. माझ्या ओठांवर नाव आलं होतं, पण रसूलभाऊनं माझा दंड घट्ट धरला. पोरगी घामाघूम झाली. मग हळूच म्हणाली की सीताबाईंना भेटायचंय.

"सीता लई हायेत गावात," सीताबाई म्हणाली. "गाण्यात कोण हाये?"

उर्वशी दाराच्या फटीजवळ सरकली. मग त्या गल्लीत, नळावरच्या बायकांच्या देखत, ती म्हणाली, "घुग्घुसची सीता."

आतली कडी निघाली.

"हाजर हाये," सीताबाई म्हणाली. "बोल आता, काय पाहिजे तुले."